नीलजिव्हा रोग आणि एडक्याची निवड

मावळ तालुक्यात भाताची कापणी आटोपून खाचरे मोकळी झाली म्हणजे देशावरील मेंढपाळ आपली खांडे घेऊन घाटमाथ्याच्या वाटेस लागतात, आणि इंद्रायणी, पवना व आंद्रा या नद्यांच्या खोऱ्यांत ठिकठिकाणी त्यांचे वाडे पडतात. शेतकऱ्यास रानात मेंढ्या बसवून लेंडीखत मिळते, मेंढपाळास चारा व मोबदला मिळतो. पूर्वी हा मोबदला धान्याच्या रूपाने दिला जाई, आता तो बहुधा रोख दिला जातो. या जुन्या व्यवहाराखेरीज अलीकडे काही बागायतदार शेतकरी स्वतःच्याच वाड्यात वीस-पंचवीस मेंढ्या बाळगू लागले आहेत. अशा शेतकऱ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो एडक्याचा. बाजारात अंगाने थोराड, लोकरीने मऊ असा संकरित एडका दिसतो, आणि त्याच्या शेजारी काळा, काटक, पण अंगाने बेताचा दख्खनी एडका दिसतो. यांतून कोणता घ्यावा? वजन पाहून उत्तर देणे सोपे आहे. परंतु मेंढीच्या धंद्यात नफा वजनाने होतो तसा तोटा मरतुकीने होतो, आणि मरतुकीचा विचार करू लागल्यास एडक्याच्या अंगात रोगाशी टिकाव धरण्याचा गुण कितपत आहे हे पाहणे भाग पडते. प्रस्तुत लेखात विषाणूजन्य रोगांपैकी नीलजिव्हा हा एक रोग उदाहरणादाखल घेऊन, असा गुण वंशाने कसा उतरतो व शेतकऱ्याने त्याचा लाभ कसा घ्यावा, याचे विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

१. रोगाचे स्वरूप

नीलजिव्हा हा रोग एका मेंढीच्या श्वासाने वा स्पर्शाने दुसरीस सहसा होत नाही. देवीचा व शेळ्या-मेंढ्यांच्या बुळकांडीचा (ज्यास पीपीआर म्हणतात) प्रसार निकट सहवासाने होतो, म्हणून ते रोग एकाच वाड्यात झपाट्याने पसरतात. नीलजिव्हेची गोष्ट निराळी आहे. तिचा विषाणू क्युलिकॉइड्स जातीच्या अतिसूक्ष्म चिलटांच्या दंशाने एका जनावरातून दुसऱ्यात जातो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधक डु टॉइट यांनी १९४४ साली हे सिद्ध केले. ही चिलटे एक ते तीन मिलिमीटर लांबीची असून शेणमिश्रित ओल्या चिखलात, ओढ्याच्या काठच्या दलदलीत व झिरपणाऱ्या पाण्याच्या जागी त्यांची पैदास होते. सायंकाळपासून पहाटेपर्यंत ती विशेष चावतात, आणि स्वतःच्या पंखांनी दूर जाण्यास असमर्थ असली तरी वाऱ्याबरोबर बरेच अंतर वाहून नेली जातात.

दंशानंतर सुमारे आठवड्याभरात मेंढीस ताप चढतो. तो १०५ ते १०७ अंश फॅरनहीटपर्यंत जातो. ओठ, तोंड व कान सुजतात, नाकातून स्राव येऊन त्याच्या खपल्या धरतात, हिरड्यांवर व तोंडाच्या आतील त्वचेवर व्रण पडतात. काही मेंढ्यांची जीभ सुजून निळसर होते, त्यावरून रोगास हे नाव पडले. निळी जीभ प्रत्येक मेंढीत दिसेलच असे नाही, सबब जीभ निळी नाही म्हणून रोग नाही असे मानू नये. खुराच्या वरच्या कडेस सूज येऊन मेंढी लंगडते, गाभण मेंढ्या गाभडतात, आणि जगलेल्या मेंढीची लोकर पुढे तुटून गळते. विषाणूस मारणारे औषध नाही. सावलीत ठेवणे, मऊ चारा व पेज देणे, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने तोंड धुणे आणि मागाहून होणाऱ्या जंतुसंसर्गावर पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधे देणे, एवढेच उपचार हाती राहतात. जेथे उपचार तोकडा पडतो तेथे प्रतिबंधास व वंशास महत्त्व येते.

२. या रोगाचा इतिहास काय सांगतो

अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेत युरोपातील मेरिनो मेंढ्या नेण्यात आल्या. तेथील देशी मेंढ्या त्याच रानात, त्याच चिलटांच्या दंशाखाली पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या, व त्यांच्यात हा रोग ठळकपणे कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. परदेशी मेंढी आली तेव्हा रोग उघडकीस आला. विषाणू नवा नव्हता, मेंढी नवी होती. हा एक मुद्दा वाचकांनी ध्यानी धरल्यास पुढील सर्व विवेचन सुलभ होईल. पुढे १९०६ च्या सुमारास आर्नल्ड थायलर यांनी त्या देशात या रोगावर पहिली लस तयार केली. युरोपचा उत्तर भाग पुष्कळ काळ या रोगापासून मुक्त होता, परंतु २००६ साली नेदरलँड्स, बेल्जम व जर्मनी या देशांत तो एकाएकी उद्भवला, आणि २०२३ साली नेदरलँड्समध्ये दुसऱ्या प्रकारच्या विषाणूने पुन्हा मोठी हानी केली. ज्या मेंढ्यांच्या पूर्वजांची या विषाणूशी कधी गाठ पडली नव्हती, त्यांचीच तेथे दैना झाली.

भारतात या रोगाची पहिली नोंद महाराष्ट्रातीलच आहे. सप्रे यांनी १९६४ साली राज्यातील शेळ्या-मेंढ्यांत आलेल्या साथीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात लोकर सुधारण्याच्या हेतूने मेरिनो, रॅम्बूले, कॉरिडेल इत्यादी जातींचे एडके देशात आणून देशी मेंढ्यांशी त्यांचा संकर करण्यात आला, आणि रोगाचा तडाखा प्रथम या परदेशी व संकरित मेंढ्यांसच अधिक बसल्याचे दिसून आले. येथवर देशी मेंढीचा विजय दिसतो. परंतु सत्य सांगावयाचे तर ते इतके एकतर्फी नाही. १९८० नंतरच्या दशकांत दक्षिणेकडील राज्यांत देशी जातींच्या कळपांतही मोठ्या साथी आल्या व पुष्कळ मेंढ्या दगावल्या. तात्पर्य, देशी रक्त ही ढाल आहे, पण अभेद्य कवच नव्हे. जो शेतकरी केवळ जातीच्या भरवशावर निर्धास्त राहील तो फसेल, आणि जो जातीकडे मुळीच न पाहता केवळ वजनावर भाळेल तोही फसेल.

३. तीन निरनिराळ्या गोष्टी

‘या मेंढीस रोग बाधत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात तीन निरनिराळे अर्थ दडलेले असतात. त्यांचा घोटाळा झाल्यास निवड चुकते.

पहिली गोष्ट म्हणजे मिळविलेली प्रतिकारशक्ती. मेंढीस एकदा रोग होऊन ती बरी झाली अथवा तिला लस टोचली म्हणजे तिच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. अशा मेंढीचा चीक प्यालेल्या कोकरासही तीन-चार महिने संरक्षण लाभते. परंतु हा गुण वंशाने उतरत नाही. कोकराच्या अंगातील ती शिदोरी संपली म्हणजे ते पुन्हा उघडे पडते. शिवाय नीलजिव्हेच्या विषाणूचे चोवीसांहून अधिक प्रकार आहेत, आणि एका प्रकाराविरुद्ध मिळविलेली शक्ती दुसऱ्या प्रकारापासून पुरेसे रक्षण करीत नाही. याच्या आनुवंशिक द्रव्याचे दहा तुकडे असतात. दोन प्रकार एकाच जनावरात किंवा चिलटात एकत्र आल्यास या तुकड्यांची अदलाबदल होऊन नवे मिश्रणही तयार होऊ शकते.

दुसरी गोष्ट म्हणजे जन्मजात प्रतिकार. येथे विषाणू शरीरात शिरला तरी त्याची वाढच बेताची होते. पेशींस त्याची चाहूल लवकर लागते व त्या इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडून शेजारच्या पेशींस सावध करितात. हा गुण बराचसा वंशगत असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे सोशिकता. विषाणू शरीरात वाढतो, रक्तात फिरतो, परंतु मेंढी त्या मानाने आजारी पडत नाही. हाही वंशगत गुण आहे, आणि मालकाच्या दृष्टीने तो लाभाचा आहे. शेजाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो तसा नाही, कारण सोशिक मेंढी निरोगी दिसत असता तिच्या रक्तातून चिलटे विषाणू उचलतात. गाई-बैल व शेळ्याही बहुधा लक्षणे न दाखविता काही आठवडे विषाणू वाहतात. म्हणूनच देशी मेंढ्यांच्या कळपात किंवा गोठ्याजवळ एखादी-दुसरी संकरित मेंढी ठेविली असता कळप सारा धडधाकट आणि ती एकटी मरणपंथास लागलेली, असा प्रकार घडू शकतो. त्याचा दोष मेंढपाळाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

४. वंशगत प्रतिकार कसा उतरतो

मेंढीच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २७ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक सूत्र आईकडून व एक बापाकडून येते, आणि या सूत्रांवर जनुके ओळीने बसलेली असतात. काही गुण एकाच जनुकावर अवलंबून असतात, तर काही अनेक जनुकांच्या बारीकसारीक परिणामांची बेरीज असतात. या दोहोंतील भेद समजण्यास आपल्याच मुलखातील एक उदाहरण पुरेसे आहे.

फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालमधील सुंदरबनाच्या गरोळ जातीच्या मेंढ्यांतील ‘फेकबी’ नावाचे जनुक दख्खनी मेंढ्यांत उतरविले. दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते, परंतु या जनुकाची एक प्रत लाभलेल्या मेंढीस जुळी होण्याचे प्रमाण बरेच वाढते. हे काम एका जनुकाचे असल्यामुळे रक्ताची तपासणी करून कोणत्या कोकरात ते आहे व कोणत्यात नाही हे लहानपणीच सांगता येते. याच मार्गाने ‘नारी सुवर्णा’ हा मेंढ्यांचा वाण पुढे आला.

विषाणूरोगाच्या बाबतीतही एकाच जनुकाचे ठळक उदाहरण आहे. मेडी-व्हिस्ना नावाचा मेंढ्यांच्या फुप्फुसांचा सावकाश वाढणारा विषाणूरोग आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१२ साली असे दाखविले की, ‘टीएमईएम १५४’ नामक जनुकाचे काही प्रकार धारण करणाऱ्या मेंढ्यांस या रोगाची लागण पुष्कळ अधिक होते, तर दुसरा प्रकार दोन्ही बाजूंनी लाभलेल्या मेंढ्यांत ती कमी होते. याहून विलक्षण गोष्ट मेंढीच्या फुप्फुसात अर्बुद उत्पन्न करणाऱ्या विषाणूची आहे. त्याचे प्राचीन अवशेष मेंढीच्या स्वतःच्या आनुवंशिक द्रव्यात सुमारे सत्तावीस ठिकाणी कायमचे रुजलेले आहेत, आणि त्यांपैकी काही अवशेष बाहेरून येणाऱ्या त्याच कुळातील विषाणूस पेशीबाहेर पडू देत नाहीत. चोराच्याच कुळातला माणूस राखणीस बसावा तसा हा प्रकार आहे.

नीलजिव्हेचा प्रतिकार मात्र या जातीचा नाही. तो अनेक जनुकांच्या बेरजेने ठरणारा गुण होय. सबब ‘नीलजिव्हाप्रूफ’ म्हणून कोणी एडका विकू लागल्यास, किंवा एका रक्ततपासणीवर तशी हमी देऊ लागल्यास, त्यावर विश्वास ठेवू नये. येथे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नोंद ठेवणे, निवड करणे आणि धीर धरणे.

५. परदेशी रक्ताचा हिशेब

दख्खनी मेंढीस मेरिनो एडका दाखविला तर पहिल्या पिढीत अर्धे रक्त परदेशी येते. त्या पिढीतील माद्यांस पुन्हा मेरिनोच दाखविला तर पाऊण, आणि तिसऱ्या खेपेस रुपयातील चौदा आणे, म्हणजे आठांत सात भाग परदेशी रक्त होते. लोकर मऊ होत जाते हे खरे, परंतु ज्या गुणांच्या बळावर ही मेंढी दुष्काळात, उन्हात व चिलटांच्या दंशात तगून राहिली ते गुण प्रत्येक पायरीस अर्धे-अर्धे ओसरत जातात. पहिल्या पिढीत संकराचा जोम असतो, ती पिढी पाहून मालक हुरळतो, आणि नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत हाती येते.

याचा अर्थ संकर वर्ज्य आहे असा नव्हे. मावळच्या शेतकऱ्यास हे निराळे सांगण्याची गरज नाही, कारण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्रातून १९८७ साली प्रसारित झालेला इंद्रायणी भात हा आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचाच संकर आहे. परंतु त्या भाताच्या मागे वर्षानुवर्षांची निवड आहे. नुसता संकर करून तो जसाच्या तसा शेतकऱ्याच्या हाती दिला गेला नाही. मेंढीच्या बाबतीत आपण मात्र पुष्कळदा संकर करतो आणि निवड विसरतो.

परका एडका आणताना आणखी एक धोका असतो. आइसलंड या बेटावरील मेंढ्या शतकानुशतके बाहेरच्या रक्तापासून व रोगांपासून अलिप्त होत्या. १९३३ साली तेथे जर्मनीहून काराकुल जातीच्या वीस मेंढ्या आणण्यात आल्या. त्या दिसण्यात निरोगी होत्या, परंतु त्यांच्याबरोबर मेडी, फुप्फुसाचे अर्बुद व आतड्याचा जुनाट रोग ही तिन्ही दुखणी बेटावर उतरली. मेडीचे उच्चाटन होण्यास १९६५ साल उजाडले, व त्यासाठी गावोगावचे कळप समूळ कापून काढावे लागले. परका एडका विकत घेताना त्याचे बाह्य रूप पाहून समाधान मानू नये, हा धडा त्या बेटाने फार मोठी किंमत देऊन शिकला.

६. निवड कशी करावी

निवडीचा पाया नोंदवही हा आहे. प्रत्येक मेंढीच्या कानात क्रमांकाचा बिल्ला असावा. वहीत तिची आई, तिचा बाप, जन्माचा महिना, टोचलेल्या लसी, झालेले आजार आणि तिची कोकरे यांची नोंद असावी. मेंढपाळास आपली प्रत्येक मेंढी तोंडावरून ओळखता येते हे आम्ही जाणतो, परंतु बापाची ओळख तोंडावरून पटत नाही, आणि निवडीत खरे महत्त्व बापाचे आहे. एक मेंढी आयुष्यात थोडीच कोकरे देते. एक एडका पंचवीस-तीस मेंढ्यांस पुरतो व वर्षात तितक्याच कोकरांत आपले अर्धे रक्त घालतो.

समजा, एका कळपात दोन एडक्यांच्या वीस-वीस लेकी आहेत. साथीच्या साली पहिल्याच्या आठ व दुसऱ्याच्या तीन आजारी पडल्या. दुसरा एडका सरस, असे मन म्हणेल. तथापि एवढ्यावरून निकाल देऊ नये. पहिल्याच्या लेकी ओढ्याकाठी चरत होत्या काय? दुसऱ्याच्या लेकींस पूर्वी लस टोचली होती काय? दोन्ही गटांचे वय सारखे होते काय? ही प्रश्नावली पार पडली तरी वीसांत तीन आणि आठ एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. दुसऱ्या साथीत, अथवा दुसऱ्या गावातील त्याच्याच लेकींत, तोच प्रकार दिसला तर मात्र त्या एडक्याचे पुत्र राखावेत.

फळ किती सावकाश मिळते तेही पाहू. समजा, निवडलेले एडके सरासरीहून दहा मात्रांनी सरस आहेत आणि माद्यांत निवड केलेली नाही. बापाचा वाटा अर्धा, म्हणून आईबापांचे सरासरी सरसपण पाच मात्रा झाले. या गुणातील वंशगत भाग शंभरात वीस धरला, तर पुढल्या पिढीत लाभ एका मात्रेचा. मेंढीची एक पिढी सुमारे तीन-चार वर्षांची. म्हणजे दहा वर्षांत दोन-तीन मात्रा पदरात पडतात. ही मिळकत थोडी खरी, पण ती कायमची असते आणि पुढे वाढत जाते. लसीचा खर्च दरसाल नव्याने करावा लागतो, वंशातील कमाई मात्र कोकरागणिक आपोआप वाटली जाते.

निवडताना एक दक्षता घ्यावी. साथीत आजारी न पडलेली पण वर्षानुवर्षे कोकरू न देणारी मेंढी ही आदर्श मेंढी नव्हे. रोगाशी टिकाव, कोकरांचे संगोपन, दूध आणि वाढ यांची सांगड घालून जी मेंढी वाड्यास पोसते, तिच्या पोटचा एडका राखावा.

७. एकाच एडक्याचा धोका

लहान कळपाचा मालक बहुधा एकच एडका पाळतो व तो चांगला निघाला म्हणजे वर्षानुवर्षे ठेवितो. मग बापाचा लेकीशी संबंध येतो. अशा संबंधातून जन्मलेल्या कोकरात जनुकांच्या शंभरांपैकी सुमारे पंचवीस जोड्या अशा असतात की दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या, म्हणजे हुबेहूब सारख्या. रोगाच्या बाबतीत हे विशेष घातक आहे. विषाणूचे निरनिराळे अंश ओळखून शरीरास इशारा देणारी जनुके मेंढीच्या विसाव्या गुणसूत्रावर समूहाने आहेत, आणि या जनुकांत जितकी विविधता तितके अधिक शत्रू ओळखू येतात. दोन्ही प्रती सारख्या झाल्या म्हणजे पहारेकरी निम्मे झाले.

याचा हिशेब मांडण्याची सोपी रीत आहे. नरांची व माद्यांची संख्या यांचा गुणाकार करून त्यास चाराने गुणावे, व दोहोंच्या बेरजेने भागावे. एक एडका व तीस मेंढ्या असल्यास १२० भागिले ३१, म्हणजे सुमारे चार. डोळ्यांस एकतीस जनावरे दिसतात, पण वंशाच्या दृष्टीने तो कळप चार जनावरांइतकाच दरिद्री असतो. त्याच तीस मेंढ्यांस तीन एडके लाभले तर ३६० भागिले ३३, म्हणजे सुमारे अकरा. प्रत्येकाने तीन एडके पाळावेत असा आमचा आग्रह नाही, तो खर्च लहान मालकास झेपणार नाही. परंतु गावातील तीन-चार मालकांनी मिळून, एकमेकांशी नाते नसलेले एडके ठेवावेत व दर दीड-दोन वर्षांनी त्यांची अदलाबदल करावी. एडका आपल्या लेकी वयात येण्यापूर्वी दुसऱ्या वाड्यात गेला पाहिजे, एवढा एक नियम पाळिला तरी पुष्कळ साधेल. सहकाराचा यासारखा बिनभांडवली उपयोग दुसरा नाही.

८. मावळापुरती विशेष खबरदारी

दख्खनी मेंढी ही कमी पावसाच्या मुलखाची आहे. बारामती, इंदापूरच्या बाजूस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यास चार हजार मिलिमीटरांहून अधिक. तेव्हा देशावर कणखर ठरलेली मेंढी घाटमाथ्यावर पावसाळाभर तशीच कणखर राहील असे गृहीत धरू नये. वंशाचा गुण विशिष्ट परिस्थितीत घडलेला असतो. चिखलाने खूर सडणे, ओल्या कुरणातील गोगलगायींमार्फत यकृतात चपटे कृमी होणे, ही संकटे तिच्या पूर्वजांनी देशावर फारशी भोगलेली नाहीत. मेंढपाळ पावसाळ्यात देशाकडे परततात यात पिढ्यांचा अनुभव आहे. मावळात बारमाही मेंढ्या पाळणाऱ्याने उंच, निचऱ्याची जागा, लाकडी फळ्यांचा उंच ओटा व कोरडे छप्पर यांवाचून हे धाडस करू नये.

खाचरे मोकळी झाल्यावर खांडे लवकर बोलाविण्याची चढाओढ असते. ज्या शेतात अद्याप पाणी झिरपत आहे व शेणाचा चिखल आहे तेथे मेंढ्या रात्री बसवू नयेत, प्रथम उंच व वाळलेल्या तुकड्यावर बसवाव्यात. गोठ्यातील मूत्र व धुणाचे पाणी एका जागी साचू देऊ नये, उकिरडा वाड्यापासून दूर असावा. तिन्हीसांजेच्या आत मेंढ्या आत घ्याव्यात व कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करावा. धुराने चिलटे पूर्णपणे जात नाहीत, पण दंश कमी होतो. नवा एडका विकत आणल्यास तो निदान महिनाभर वेगळा बांधावा.

साथीचा संशय येताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयी जो केंद्रीय कायदा २००९ साली झाला, त्याच्या यादीत नीलजिव्हा, देवी व पीपीआर हे तिन्ही रोग आहेत, व वर्दी देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविलेले आहे. रोग लपवून मेंढ्या बाजारात काढणे हा शेजाऱ्याचा घात तर आहेच, पण निवडीच्या दृष्टीनेही तो मूर्खपणा आहे, कारण कोणत्या वंशाने टिकाव धरला हे कळण्याची दुर्मिळ संधी त्याबरोबर विकली जाते.

९. लस आणि वंश

जातिवंत एडका राखला म्हणजे लस नको, असे कोणी समजू नये. नीलजिव्हेच्या १, २, १०, १६ आणि २३ या पाच प्रकारांविरुद्ध एकत्रित निष्क्रिय लस आपल्या देशात तयार झालेली आहे. ती पावसाळ्यापूर्वी पशुवैद्याच्या सल्ल्याने टोचून घ्यावी. देवी व पीपीआर या रोगांवरील लसी तर टाळूच नयेत, कारण त्यांच्या साथी सहवासाने पसरतात आणि तेथे चांगला वंशही तोकडा पडतो. उलटपक्षी, लस आहे म्हणून वंशाकडे दुर्लक्ष करणेही तितकेच अयोग्य होय. लस ठराविक प्रकारांसच आवरते, व विषाणू रूपे पालटतो. लस ही यंदाच्या पिकाची राखण आहे, तर वंश हे पुढल्या पेरणीचे बियाणे आहे. शहाणा शेतकरी राखणही करतो आणि बियाणेही जपतो.

सारांश

(१) विषाणू जुना आणि मेंढी नवी असली म्हणजे हानी मोठी होते, म्हणून परदेशी रक्त वाढविताना फार जपावे. (२) मिळविलेली प्रतिकारशक्ती वंशाने उतरत नाही. जन्मजात प्रतिकार व सोशिकता उतरतात. (३) नीलजिव्हेचा प्रतिकार अनेक जनुकांचा आहे, त्याची हमी एका तपासणीने मिळत नाही. (४) एडक्याची परीक्षा त्याच्या लेकींवरून, आणि ती एकाहून अधिक साथींत करावी. (५) गावाने मिळून एडके राखावेत व फिरवावेत. (६) ओल टाळावी, लस टोचावी, वर्दी द्यावी.

दख्खनी मेंढीचे लोणंदी, सांगोल्याकडील सोलापुरी, संगमनेरी व कोल्हापुरी असे जे प्रकार आज दिसतात, ते धनगरांच्या पिढ्यांनी दुष्काळ, रोगराई व लांबलचक वाटा यांच्या चाळणीतून निवडून काढलेले आहेत. त्यांनी वही ठेविली नाही, परंतु जी मेंढी वाटेत पडली तिचा वंश खुंटला, आणि जी चालत राहिली तिचा वाढला. ही कमाई एकदा संकराच्या लोंढ्यात विरघळली तर ती पुन्हा कोणत्याही प्रयोगशाळेत तयार करता येणार नाही. ज्यांच्या वाड्यात आज निर्भेळ दख्खनी एडका आहे, त्यांनी यंदाच्या बाजारात केवळ वजनाच्या दराने तो काटेवर चढविण्यापूर्वी त्याच्या लेकींची नोंद एकवार पाहावी, एवढीच आमची शेतकरी बंधूंस विनंती आहे.